गच्चीवरचं चाक

दुशान्बेच्या पश्चिमेला कापसाची शेतं मोडून नवी वस्ती उठत होती. तिथल्या एका नऊमजली इमारतीत लोक राहायला यायच्या आधी सवरी राहून गेली. रोज सकाळी बसनं यायची, दाराचं कुलूप काढायची, गादी झटकून अंथरायची, किटलीत हिरवा चहा टाकायची आणि मांडी घालून बसायची. मग गच्चीवरचं यंत्र सुरू व्हायचं आणि तिच्यासकट अख्खी इमारत हलायला लागायची.

मुळात ती भूकंप संस्थेत फरशा पुसायच्या कामावर होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी झुलैखो परिचारिकेचं शिक्षण घेत होती आणि मायलेकी संस्थेच्याच आवारात एका खोलीत राहत होत्या. आमच्या शहराखालची जमीन काही स्वस्थ बसणारी नव्हे, म्हणून नव्या धाटणीची इमारत लोकांच्या हवाली करण्याआधी हलवून बघायची, असं वरून ठरलं होतं. त्यासाठी गच्चीवर दोन लोखंडी चाकं आडव्या आसावर बसवली होती. प्रत्येकाच्या एकाच अंगाला जाडजूड वजन. ती फिरली की ते वजन इमारतीला कधी इकडे, कधी तिकडे ओढायचं.

काँक्रीटला काय होतं ते कागदावर रेघा मारणारी उपकरणं सांगत. पण पेला कधी वाजतो, दिवा कधी झुलतो, माणूस बसल्या जागेवरून कधी उठतो, हे सांगायला माणूसच हवा होता. आधी एका विद्यार्थ्याला बसवलं. दोन वेळा त्यानं काहीच जाणवत नाही म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या वेळी एकाच पायात बूट घालून खाली धावत आला. त्यानंतर कुणी तयार होईना. संस्थेतला इंजिनियर तोलिब, तिशीतला, चष्मा कायम कपाळावर चढवलेला, तो एकदा व्हरांड्यात उभा राहून याबद्दल कुरकुरत होता. सवरीनं त्याच्या पायाखालची ओली फरशी पुसता पुसता विचारलं, नुसतं बसायचंच आहे ना, मग मी बसले तर चालेल का? तोलिबला वाटलं, बाई चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती.

सवरी रश्तच्या खोऱ्यातली. तिचं गाव बेदक. ती सात-आठ वर्षांची होती तेव्हा उन्हाळ्यात आत्या तिला घेऊन वरच्या कुरणावर गेली होती. एके दिवशी सकाळी दोघी कापडावर दह्याचे गोळे वाळत घालत होत्या आणि ते गोळे एकाएकी उड्या मारायला लागले. आत्या तोंडावर आपटली. मग समोरच्या डोंगराची एक बाजू सुटली. मोठा आवाज झाला नाही; गोणीचं तोंड सुटून पीठ सांडावं तशी ती खाली आली. खाली गावाच्या पाटाकडेला पॉप्लरची रांग होती. ती झाडं उभीच्या उभी, मुळांसकट, मातीसकट, खोऱ्यातून चालत निघाली. एकामागून एक, बरीच लांबपर्यंत. मग एकेक करून बुडाली. धुळीचा पडदा खाली बसला तेव्हा बेदक नव्हतं. खोरं सपाट भरलं होतं आणि त्यात काहीही हलत नव्हतं. आत्या घसा बसेपर्यंत एकेकाचं नाव घेऊन हाका मारत राहिली.

हलण्याची भीती सवरीला कधी वाटली नाही. हलणं थांबल्यावर जे उरलं होतं, त्याची वाटायची. पण हे ती कुणाशी बोलली नव्हती. त्या खोऱ्यातून आलेली माणसं त्याबद्दल बोलत नसत.

इमारत रिकामी हलवून उपयोग नव्हता. ज्या घरात माणसं, कपाटं, पलंग, पिठाचे डबे असतात ते घर वेगळं हलतं आणि रिकामं घर वेगळं. म्हणून प्रत्येक खोलीत वाळूनं भरलेल्या गोण्या आणून ठेवल्या होत्या, होणाऱ्या बिऱ्हाडाच्या वजनाइतक्या. मजुरांनी त्या आपल्या मर्जीनं मांडल्या होत्या. खिडकीशी दोन, चुलीच्या जागी एक, कोपऱ्यात भिंतीला टेकून एक लहानशी. घरांना दारं अजून लागायची होती. एका घराला तेवढं सवरीसाठी लावलं होतं. पहिल्या दिवशी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक चौकटीतून तिला त्या गोण्या बसलेल्या दिसल्या. सगळी बिऱ्हाडं आधीच येऊन गप्प बसली आहेत आणि आपल्यालाच उशीर झाला, असं तिला वाटलं. नवव्या मजल्यावर पोचली तेव्हा तिनं शेजारच्या चौकटीत बघून हळूच सलाम केला. पुढे ती सवयच लागली.

पहिली चाचणी सुरू झाली तेव्हा बराच वेळ काहीच झालं नाही. मग पेल्यातल्या चहावर बारीक वलयं उठली. बशीत ठेवलेला चमचा किणकिणायला लागला आणि ते किणकिणणं हळूहळू गाण्याच्या एकाच सुरावर स्थिर झालं. मग छताचा दिवा झुलू लागला. भिंतींच्या आतून एक आवाज यायला लागला, गोठ्यात बसलेली गाय उसासा टाकते तसा, पण थांबतच नव्हता. आणि त्यामागून आणखी एक. सगळ्या मजल्यांवरच्या गोण्यांतली वाळू आतल्या आत सरकत होती. अख्खी इमारत कुजबुजत होती.

तिच्याजवळ हातानं फिरवायचा टेलिफोन होता. त्याचं दुसरं टोक गच्चीवर गेनरिखकडे. गेनरिख व्होल्गाकाठचा जर्मन. महायुद्धाच्या दिवसांत जर्मन म्हणून आईबापांसोबत इकडे आणून टाकलेला, आता आमच्यापेक्षा स्वच्छ ताजिक बोलायचा. यंत्र त्याच्या ताब्यात होतं आणि तो त्याला सासूबाई म्हणायचा, कारण ती हलली की सगळं घर थरथरतं. सवरी त्याला सांगायची: चमचा वाजतोय. दिवा झुलतोय. पेला आता बोटभर सरकला. मला उठावंसं वाटत नाहीये.

"तुम्हाला कधी उठावंसं वाटणार, खोला?" गेनरिखनं एकदा विचारलं. मावशीला आमच्याकडे खोला म्हणतात आणि वय झालेल्या कुणाही बाईला तेच. थोरल्या पुरुषाच्या नावाला आका लावतात, लहान्याच्या नावाला लाडानं जोन.

"चहा संपला की," ती म्हणाली.

तोलिबनं तिला समजावून सांगितलं होतं की प्रत्येक इमारतीची स्वतःची एक लय असते. पाळण्याला कसं, त्याच्या लयीत बोट लावलं तर एका बोटानं तो मोठा झोका घेतो आणि लय चुकवून दोन्ही हातांनी ढकलला तरी नीट हलत नाही. जमिनीचं हलणं आणि इमारतीचं हलणं एका लयीत आलं की घात होतो. सवरीला हे लगेच पटलं. तिनं झुलैखोला असंच झोपवलं होतं.

मग तिला मजल्यामजल्यावर बसवायला सुरुवात झाली. गादी, किटली, दिवा, फोन, सगळं बिऱ्हाड घेऊन ती आठव्यावर आली आणि मग सातव्यावर. त्या दिवशी तोलिबनं चाकांचा वेग बराच जास्त ठेवायला सांगितला होता. यंत्र सुरू झालं. वरच्या मजल्यावर काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. खालून फळ्या आपटल्याचा. वरची वाळू सरकत होती, खालची वाळू सरकत होती. सवरीनं पेल्याकडे पाहिलं. चहा आरशासारखा होता. दिव्याची तार सरळ लोंबत होती. चमचा बशीत निपचित पडला होता. खिडकीशी ठेवलेल्या तीन गोण्यांतून वाळूचा एक कणही हालत नव्हता. तिनं तळहात जमिनीवर टेकवला. जमीन गार होती, बस्स. वरचं घर जिवंत, खालचं घर जिवंत आणि मधल्या या एका थरातून कुणीतरी जीव काढून नेला होता. तिला त्या गोण्यांकडे बघवेना. मान वळवावीशीही वाटेना, कारण मान वळवली तर मागं काय असेल कुणास ठाऊक. तिनं न बघताच फोनचा दांडा फिरवला.

"गेनरिख-आका, बंद करा."

"काय झालं, खोला? पडलं काही?"

"काही पडत नाही. इथं काही हलतच नाही. आधी बंद करा."

त्यानं बंद केलं. चाकांचा वेग उतरू लागला आणि उतरता उतरता इमारतीच्या मूळ लयीतून गेला. तेव्हा त्या एका क्षणी सातव्या मजल्यानंही मोठा झोका घेतला. तिन्ही गोण्या एकदम पुढं झुकल्या, चहा बशीत सांडला. तेव्हा कुठं तिनं मान वळवली.

तोलिब दोन दोन पायऱ्या चढत वर आला. त्याला आनंद झाला होता. जी जागा तो कागदावर शोधत होता ती तिनं बसल्या बसल्या दाखवली होती. त्यानं सांगितलं की दोन मुली दोरी धरून जोरात हलवतात तेव्हा दोरीत मध्येच एक ठिकाण असं येतं की ते जागचं हलत नाही, तसंच हे. भिण्यासारखं काही नाही, उलट राहायला सगळ्यात उत्तम मजला. सवरीनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ज्याला हे घर द्याल त्याला आधी कळवा. तो हसला. ती हसली नाही.

शरद ऋतू लागला. चाचण्या संपत आल्या होत्या. एके दिवशी दुपारी तोलिब कागदाची भेंडोळी घेऊन संस्थेत गेला. पट्टा बदलायचा म्हणून गेनरिखनं तो चाकांवरून काढून ठेवला आणि जेवायला खाली उतरला. सवरी त्या दिवशी पुन्हा नवव्या मजल्यावर होती. तिनं नान मोडून तोंडात टाकला आणि चमचा वाजायला लागला.

तिला वाटलं, गेनरिख इतक्यात वर आला कसा. मग दिवा झुलला. भिंतींनी तो उसासा टाकला आणि सगळ्या मजल्यांतली वाळू कुजबुजायला लागली. पण आजचा झोका यंत्राच्या झोक्यासारखा नव्हता. यंत्र एकसारखं ओढायचं. हे थांबायचं, जणू काही विचार करायचं आणि पुन्हा यायचं. तिनं फोन फिरवला. गच्चीवरची घंटा वाजत असलेली तिला छतातून ऐकू येत होती. कुणी उचलत नव्हतं. ती भिंत धरून खिडकीशी गेली. खाली अंगणात गेनरिख एका फळीवर बसून सोमसा, भट्टीत भाजलेला समोसा, खात होता. शांतपणे, पाय पसरून. त्याच्या शेजारी ठेवलेल्या बादलीतलं पाणीसुद्धा चमकत नव्हतं.

मग वर कोण होतं?

ती जिना चढून गच्चीवर गेली. तिथं कुणी नव्हतं. पट्टा गुंडाळून कोपऱ्यात पडला होता, यंत्राची तार उपसलेली होती. आणि चाकं हलत होती. गोल फिरत नव्हती. वजनाचं अंग खाली घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे, हळूहळू झुलत होती. कुणीतरी शेजारी बसून पाळण्याला झोका देत असावं तशी. आसाचा बारीक करकर आवाज येत होता. इतके दिवस या चाकांनी इमारत हलवली होती. आज इमारत चाकांना हलवत होती. सवरी गुडघ्यांवर बसली आणि तिनं दोन्ही तळवे डांबरावर टेकवले. पार खालून, पायाच्याही खालून काहीतरी येत होतं आणि वर आकाशापाशी येऊन संपत होतं. ते निवेपर्यंत ती तशीच बसून राहिली. चाकं त्यानंतरही बराच वेळ झुलत होती.

खाली गेल्यावर तिनं सांगितलं तेव्हा गेनरिख दुखावला. यंत्र चालू ठेवून मी जेवायला जाईन का, त्यानं विचारलं, तीस वर्षं मशिनांवर काढली मी. त्याला काहीच जाणवलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोलिब आला तो संस्थेच्या तळघरातल्या उपकरणानं काढलेली रेघ बघूनच. दक्षिणेला, हिंदुकुशच्या पोटात खूप खोल धरणी हालली होती. तिथून इथवर पोचेपर्यंत लाटेतला झटका गेला, नुसता झोका उरला. अंगणात बसलेल्याला तो कळत नाही. पण उंच घराच्या लयीशी तो जुळला, म्हणून घर हाललं.

"म्हणजे त्या झोक्यानं या इमारतीला ओळखलं," सवरी म्हणाली.

तोलिबनं मान डोलावली. "तसंच म्हणा, खोला."

गेनरिखनं त्या दिवशी तिच्यासाठी घरून बायकोनं केलेला सफरचंदाचा केक आणला. माफी कुणी कुणाची मागितली नाही.

वर्षभरानं गोण्या निघाल्या, दारं लागली, भेगा बुजवून रंग दिला गेला आणि लोक राहायला आले. संस्थेनं सवरीलाही त्याच इमारतीत घर दिलं. तोलिबनं कळकळीनं तिच्यासाठी सातव्या मजल्यावरचं निवडलं होतं. तिनं ते घेतलं नाही, नववा मागितला. लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद असायची, त्यामुळे नवव्यासाठी भांडायला कुणी नव्हतं. झुलैखो मात्र चिडली. वर दूध-भाजी कोण चढवणार, तिनं विचारलं. पण आईपुढे तिचं फारसं चाललं नाही.

यंत्र गच्चीवरच राहिलं. ते उतरवायला मोठी क्रेन लागणार होती. क्रेन दुसऱ्या कामावर गेली आणि आज नेऊ, उद्या नेऊ करता करता सगळे त्याला विसरले.

विसरले नाहीत ते वरच्या मजल्यावरचे लोक. हिंदुकुश वर्षातून बऱ्याचदा कूस बदलतो. खाली राहणाऱ्यांना पत्ता नसायचा. नवव्यावर मात्र दिवा जरासा हलायचा आणि मग छतावरून आवाज यायचा. थड. थोडं थांबून, थड. जड पायांचं कुणीतरी येरझाऱ्या घालत असावं तसा. चाचण्या संपल्यावर चाकं गोल फिरू नयेत म्हणून अडसर लावले होते; झुलता झुलता चाकाचं वजन त्यांना आपटत होतं. पण हे माहीत असून ऐकणं वेगळं आणि दिवा हलताना डोक्यावर पावलं ऐकणं वेगळं. सवरीची शेजारीण मोहरू शिवणकाम करायची. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा तिच्या हातातली कात्री सुटली. दुसऱ्यांदा ती वर बघून आली आणि सांगू लागली की वर माणूस नाही आणि तरी चाक हलतंय. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीनं जिन्यातून वरपर्यंत बाधा जावी म्हणून इस्पंदाच्या बियांचा धूर फिरवला.

तक्रारी गेल्या तेव्हा गेनरिख आला. त्यानं चाकांत दोन लोखंडी खिळे ठोकून ती अडकवली आणि गेला. पुढच्या वेळी दिवा हलला तेव्हा पावलं पुन्हा वाजली. मोहरूचा नवरा वर गेला. खिळे नव्हते. गेनरिखनं नवे ठोकले. तेही गेले. आता मात्र लोक घाबरले. गच्चीच्या दाराला कुलूप होतं, किल्ली खाली व्यवस्थापकाकडे. कुणी म्हणालं, बांधकामाच्या दिवसांत इथं एक मजूर पडून मेला होता. तसं काही घडलं नव्हतं, पण महिनाभरात त्या मजुराला नाव मिळालं, गाव मिळालं. बायका संध्याकाळनंतर गच्चीच्या जिन्यात पाय ठेवीनात.

शेवटी तोलिब स्वतः आला. गच्ची बघून झाल्यावर तो सवरीकडे चहाला टेकला. तिनं दस्तरखान अंथरला, नान ठेवले, सुकी जर्दाळू ठेवली आणि कपाटामागं हात घालून चारही खिळे काढून त्याच्यापुढे ठेवले.

चाचणीच्या दिवसांतली गच्चीची किल्ली तिच्याकडेच राहिली होती. तोलिबनं खिळे उचलले, परत ठेवले.

"का, खोला?"

"खाली काही हाललं तर मला कळायला हवं."

"कळून काय करणार?"

"उठून बसेन. कुणाला उठवायचं ते उठवेन." तिनं त्याचा पेला पुन्हा भरला. मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा ती पॉप्लरची झाडं कुणाला तरी सांगितली. दह्याचे गोळे सांगितले, आत्याच्या हाका सांगितल्या. "माझी आई गावात होती, तोलिब-जोन. कडेवर लहान भाऊ. कुणी जरा आधी सांगितलं असतं, तर वर यायला तिला कितीसा वेळ लागला असता?"

तोलिबला माहीत होतं की चाक आधी काही सांगत नाही. धरणी हालते, मग घर, आणि घरामुळे चाक. ज्या भूकंपानं घरं पडतात तो कुणाला कळवून येत नाही. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. तो ते बोलला नाही. त्यानं चहा संपवला, दुसऱ्या दिवशी रबराच्या जाड पट्ट्या आणून अडसरांना बसवल्या, म्हणजे आपटलं तरी आवाज होऊ नये. लोकांना त्यानं सांगितलं की यंत्र वाऱ्यानं हलतं. खिळ्यांचं तो कुणाजवळ बोलला नाही.

त्यानंतर सवरी दिवसातून एकदा वर जाऊन चाकांना तेल घालू लागली. मोहरूनं तिला तिथं बसलेली पाहिलं होतं. चाकाशेजारी जमिनीवर, कान देऊन. मोहरूनं ते आपल्यापाशीच ठेवलं, पण सवरीच्या दारावरून जाताना ती भरभर पावलं टाकू लागली.

मग एका हिवाळ्यात, दिवेलागणीला, बर्फ पडून गेलेलं असताना भूकंप आला. जवळचा होता. वलयं नाहीत, किणकिणणं नाही, झोका नाही. खालून कुणीतरी घणाचा घाव घालावा तसा एक दणका, मग लागोपाठ बरेच आणि संपलं. कपाटातल्या बशा बाहेर आल्या, दिवे गेले. सगळी इमारत अंधारात जिन्याकडे धावली. सवरी मोहरूच्या सासूला हाताला धरून शेवटी उतरली.

अंगणात बर्फात लोक उभे होते. कुणी अनवाणी, कुणी पोराला रजईत गुंडाळून. नऊ मजले काळे, रिकामे, सगळ्या खिडक्या आंधळ्या. आणि त्या शांततेत वरून आवाज आला. थंडीनं रबर दगडासारखं झालं होतं. थड. थड. माणसं खाली होती आणि गच्चीवर कुणीतरी चालत होतं. आधी भरभर, मग सावकाश, मग थांबून थांबून. सगळ्यांच्या माना वर वळल्या. मोहरूनं सवरीचा दंड घट्ट धरला.

सवरी दुसरंच काही ऐकत होती. चाक आता बोलत होतं. सगळं होऊन गेल्यावर.

तोलिब हातात बत्ती घेऊन आला तेव्हा वस्तीतल्या सगळ्याच इमारती त्याला बघायच्या होत्या. त्यानं इथले खांब तपासले, तळमजल्यावरचे सांधे तपासले. जिन्यात गिलावा फुटला होता, तेवढंच. घर नीट उभं आहे, वर जा, तो म्हणाला. कुणी हललं नाही. सवरी त्याच्याजवळ गेली.

"ते आधी काही सांगत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, खोला."

"तेव्हा का नाही बोललात?"

खांब बघायला डोळ्यांवर घेतलेला त्याचा चष्मा वाफेनं भरला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं केलंत. तेवढी वर्षं मी झोपले."

तिनं त्याच्या हातातली बत्ती घेतली आणि एकटी आत गेली. जिन्यात पायाखाली गिलावा चुरत होता. प्रत्येक मजल्यावर दारं सताड उघडी. आत सांडलेलं पीठ, उलटलेल्या खुर्च्या, भिंतीवर तिरकी झालेली चित्रं. सातव्या मजल्यावर ती थांबली. एका घरात दस्तरखान मांडलेला होता. पाच वाडग्यांत शूर्बा भरला होता, त्यावर तेलाचा तवंग थिजला होता आणि थेंबही बाहेर सांडलेला नव्हता. जेवणारं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांनी तिला पुन्हा मान वळवावीशी वाटेना. ती उंबऱ्याशी उभी राहिली, बत्ती वर धरली आणि त्या रिकाम्या खोलीला सलाम केला. मग नवव्यावर जाऊन तिनं खिडकी उघडली आणि खाली ओरडून सांगितलं की चहा टाकते आहे, ज्याला हवा त्यानं यावं. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजू लागली. ती माणसांची होती.

दुसऱ्या दिवशी गेनरिख आला तो आपणहून. सवरीनं त्याला खिळे दिले. त्यानं ते ठोकले आणि वर वेल्डिंगही केलं. ठिणग्या उडत असताना ती दाराशी उभी होती. काम झाल्यावर त्यानं चाकाला हात लावून जोर दिला. ते हललं नाही. "गेल्या सासूबाई," तो म्हणाला आणि सवरीनं त्याला आत बोलावून जेवू घातलं.

दोन-तीन वर्षांत गेनरिख मुलांसोबत जर्मनीला गेला. झुलैखो लग्न करून खुजंदला गेली, आईला चल म्हणून नेहमी म्हणायची, आई जायची नाही. मधल्या काळात शहरात यादवीच्या बंदुका चालल्या, संस्थेत उपकरणांना वीज मिळेना, तोलिब शाळेत गणित शिकवू लागला. यंत्र गच्चीवरच गंजत राहिलं. हिंदुकुश मधूनमधून दिवा हलवायचा आणि छत गप्प असायचं. मोहरू सांगते की उलट ते गप्प असणंच तिला जास्त जाणवायचं. दिवा हलला की ती वर कान लावून बसायची आणि काहीच ऐकू आलं नाही की तिला धडकी भरायची.

एकदा अशीच दुपारी ती धावत जाऊन सवरीचं दार ठोठावू लागली. बराच वेळ कुणी उघडेना. मोहरूच्या मनात नको नको ते आलं. शेवटी सवरीनं दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली.

"हाललं, खोला. कळलं नाही तुम्हाला?"

"थांबलं ना आता?" सवरी म्हणाली.

"थांबलं."

"मग मला कशाला उठवतेस? जा, बशा नीट लाव," असं म्हणून ती आत गेली. मोहरू दारातच उभी राहिली. गादीवर पडल्या पडल्याच सवरीला पुन्हा झोप लागली होती.